कुंपणाला टेकलेला नंदी

गेट बंद होतं. हे आधी सांगून टाकतो, कारण त्या दिवशी मी स्वतःलाही सगळ्यात आधी हेच सांगितलं, आणि नको तेवढा वेळ त्यावर विश्वास ठेवला.

"धोटे, तू पूल बांधून राहिला का कोंडवाडा?"

हे त्या दिवसाच्या थोडं आधीचं. वानखेडे साहेब व्हरांड्यातून ओरडले, तेव्हा मी त्यांच्या अंगणात कुंपणाच्या कडेकडेने फिरत होतो. हातात एक लाकडी पट्टी होती, तीन फूट लांबीची. पट्टीचं एक टोक कुंपणाला लावायचं, दुसरं टोक जमिनीवरून फिरवायचं. जे जे त्या टोकाला लागेल, ते तिथून हलवायचं. हँडओव्हरच्या आधी हे मी प्रत्येक ठिकाणी करतो.

माझं भिलाईजवळ हथखोजला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग अशी कामं. गेल्या काही वर्षांत कुरुदच्या बाजूला बंगले उठायला लागले आणि काही जणांना अंगणात स्विमिंग पूल हवासा वाटू लागला. पूल बांधणारा कॉन्ट्रॅक्टर वेगळा असतो. मी त्याच्या भोवतीचं कुंपण करतो.

'घरच्या पूलला कुंपण घातलंत का' असं मला आजवर कुठल्याही ऑफिसने विचारलेलं नाही. बाहेरच्या काही देशांत मात्र कुंपण पास झाल्याशिवाय पूलमध्ये पाणी भरू देत नाहीत. तिथले नियम मी वाचले, मोजमापं आपल्या फुटा-इंचांत करून घेतली आणि तशीच कामं करू लागलो. नियम साधे आहेत. कुंपण कमीत कमी चार फूट उंच. सळ्या उभ्याच, मध्ये आडवी पट्टी नको, कारण आडवी पट्टी म्हणजे शिडी. दोन सळ्यांमधून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये, म्हणून फट चार इंचांपेक्षा कमी. गेट पाण्याच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडायला हवं. बिजागरीला स्प्रिंग, सोडलं की आपोआप बंद. कडी उंचावर, मुलाचा हात पोचणार नाही अशी.

आणि शेवटचा नियम, ज्यासाठी ती पट्टी. कुंपणाच्या बाहेरून तीन फुटांत चढण्यासारखं काही नको. कुंडी नको, खुर्ची नको, झाडाची फांदी नको. कुंडीवर उभं राहिलेल्या मुलासाठी चार फुटांचं कुंपण चार फुटांचं राहत नाही.

वानखेडे साहेब भिलाईच्या स्टील प्लांटमधून मोठ्या पदावरून रिटायर झालेले. माझे वडील त्यांच्याच डिपार्टमेंटमध्ये क्लार्क होते. त्यामुळे माझे केस पांढरे झाले तरी ते मला अरे-तुरेच करत. काकूंचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. म्हणून हा पूल. फक्त चार फूट खोल, आत धरायला रेलिंग.

"चार फूट पाण्याले चार फूट कुंपण!" साहेब म्हणाले. "काकूच्या गुडघ्यासाठी पूल केला मी. मगर नाही पाळून राहिलो त्यात."

"साहेब, पीहू साडेतीन फुटांची पण नाही."

"पीहू माह्या नजरेसमोर असते."

"सगळ्यांचीच मुलं नजरेसमोर असतात साहेब."

पीहू म्हणजे त्यांची नात, चार वर्षांची. तिचे बाबा बिलासपूरला रेल्वेत, सुट्टीला येत. आई स्नेहल इथल्याच एका शाळेत शिकवते. ती भिलाईतच वाढलेली, मराठी घरापुरतं, बाकी सगळं हिंदीत. त्या घरात माझ्या बाजूने बोलणारी ती एकटी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "काका, फेन्सिंग नहीं तो पानी नहीं. मी आबांना सांगून ठेवलंय."

त्या दिवशी माझ्या पट्टीला बरंच काही लागलं. दोन मोठ्या कुंड्या हलवल्या. एसीचं बाहेरचं युनिट भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. बांबूचा झोपाळा उचलला. शेवटी पेरूची एक फांदी राहिली. ती कुंपणावरून थेट आत झुकली होती.

"भाऊ, फुलं आले हायेत तिले," काकू हळूच म्हणाल्या.

"काकू, या फांदीवरून पीहू सरळ आत उतरेल."

काकूंनी फांदीकडे पाहिलं, पीहूकडे पाहिलं. "कापा मंग," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. माझा फिटर मोहन साहू याने फांदी कापली. मला स्वतःचा अभिमान वाटला. फुलं आलेली फांदी तोडायला लावणारा माणूस कामात चूक करणार नाही, असं मला वाटलं.

हँडओव्हर साहेबांनी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ठेवला. चांगला दिवस आहे, पाणीही भरलंय, जेवायलाच या म्हणाले.

तान्हा पोळा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याला खरे बैल सजवतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा. मुलं चाकाचे लाकडी बैल ओढत आणतात. आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली बैल रांगेत उभे करतात, पूजा होते. मग तोरण तोडतात. त्याला 'पोळा फुटला' म्हणतात. पोळा फुटला की मुलं आपापले बैल घेऊन घरोघरी पळतात आणि प्रत्येक घरी त्यांना बोजारा म्हणजे खाऊ मिळतो. विदर्भातून इकडे आलेल्या घरांनी हे सोडलेलं नाही. छत्तीसगढी शेजाऱ्यांकडेही पोळा असतोच. त्यांची मुलं कॅम्प-१ च्या बाजारातून मातीचे बैल आणतात. आमच्या रांगेत दोन्ही उभे राहतात.

दरवर्षी हा कार्यक्रम कॉलनीच्या मैदानात व्हायचा. त्या वर्षी मैदानात गुडघाभर चिखल होता. साहेब म्हणाले, "आपल्या अंगणात करू. फरशी हाय, जागा हाय."

प्रश्न आला तोरण कुठे बांधायचं. एक टोक व्हरांड्याच्या खांबाला. दुसरं?

"माझ्या पोलला बांधा साहेब," मी म्हणालो. "बैलजोडी बांधली तरी हलणार नाही."

साहेबांनी दाद दिली. मोहनने कुंपणाच्या कोपऱ्यातल्या पोलला तोरण बांधलं. मग साहेब आतून त्यांचा नंदी ओढत आणू लागले. तो सागवानी नंदी त्यांच्या आजोबांनी काटोलकडून आणलेला. चाकांसकट पाठीपर्यंतच दोन फूट, त्यावर वशिंड, शिंगांना पितळी टोपणं. पाठीवर काकूंनी शिवलेली आरशांची झूल.

"धोटे, धर एका बाजूने. मानाचा आहे. पहिला उभा राहीन."

मी नंदीला नमस्कार केला आणि एक बाजू धरली. पहिली जागा पोलजवळची. "इथे साहेब, तोरणाच्या टोकाला. मागे कुंपण आहे, फोटोही छान येईल." आम्ही दोघांनी तो उचलून कुंपणाला टेकवून ठेवला.

नंदी उचलताना माझी तीन फुटांची पट्टी माझ्या काखेत होती.

मला तो देव दिसला, पायरी दिसली नाही. कुंडी असती तर मी ओरडलो असतो. पेरूची फांदी मी तोडली होती. आणि हा मी माझ्या हाताने उचलून ठेवला.

मुलं जमली. रांग लागली. साहेब मुलांना सांगत होते, "खऱ्या बैलाले पहिले तलावावर नेत असत. चांगली घासून आंघोळ. मंग पूजा."

पीहूकडे स्वतःचा एक वीतभर लाकडी बैल होता, लाल रंगवलेला. ती म्हणाली, "आबा, मेरे वाले की तो आंघोळ झालीच नाही."

"त्याले उद्या घालू."

"पूजा तो आज है!"

सगळे हसले. मीही हसलो.

तोरण तुटलं. पोळा फुटला. मुलांचा लोंढा आरडाओरडा करत फाटकाबाहेर गेला, मागे बैलांच्या चाकांचा खडखडाट. स्नेहलला वाटलं पीहू मुलांबरोबर गेली. मुलांबरोबर गेलेल्या शेजारणीला वाटलं ती आजीजवळ आहे. काकू पुरणपोळ्या वाढत होत्या. त्यांना वाटलं ती आईजवळ आहे. आम्ही जेवायला बसलो.

पानावरून उठून मी हात धुवायला मागच्या नळावर गेलो. तिथून पूल दिसतो.

पाण्यावर लाल बैल तरंगत होता. आडवा, चाकं एका बाजूला.

मला आधी थोडं हसू आलं. कोणा पोराने फेकला असेल. मग सवयीने गेटकडे पाहिलं. गेट बंद. कडी लागलेली. गेट बंद म्हणजे आत कोणी नाही. यासाठीच तर ते गेट होतं.

मी हात धुतले. हो, मी हात धुतले. बोटांना तूप लागलं होतं, ते नीट चोळून काढलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

रुमाल काढताना नजर नंदीवर गेली. आरशांची झूल पाठीवरून घसरून एका बाजूला लोंबत होती. वशिंडावरचं कुंकू पुसलं गेलं होतं. आणि कुंपणाच्या वरच्या पाइपवर, माझ्या पांढऱ्या रंगावर, कुंकवाचा एक छोटा डाग होता.

मी धावलो. गेट उघडेना. कडी वर ओढली होती, तरी उघडेना. मी खांदा लावून ढकलत होतो. मागून मोहन ओरडला, "भइया, बाहिर! बाहिर खींचो!" ते गेट बाहेर उघडतं. मीच तसं बनवलं होतं.

पीहू पूलच्या भिंतीलगत तळाशी होती. पिवळा फ्रॉक पाण्यात फुलल्यासारखा पसरला होता. कसला आवाज नाही, हातपाय मारणं नाही. पाणी इतकं शांत होतं की तळाच्या टाइल्स मोजता आल्या असत्या. मला पोहता येत नाही. पूलची कुंपणं करणाऱ्या मला कधी त्याची गरज पडली नव्हती. मी तसाच उतरलो. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं. चार फूट म्हणजे किती, ते मला तिथे कळलं.

तिला काठावर ठेवलं. ओठ निळे. मान सैल. साहेब धावत आले, हातात अजून पाण्याचा पेला.

"पाय धर! उलटी कर तिले, पाणी निघू दे!"

"नाही साहेब."

"अरे पोट दाब!"

"नाही! सरका!"

साहेबांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. प्लांटमध्ये काम घ्यायचं तर कॉन्ट्रॅक्टरला सेफ्टी ट्रेनिंग करावं लागतं. तिथे एका रबरी बाहुल्यावर श्वास द्यायला शिकवलं होतं. तेव्हा आम्ही सगळे त्या बाहुल्याला नावं ठेवून हसलो होतो. आता मी पीहूची मान मागे केली, हनुवटी उचलली, तोंडावर तोंड ठेवलं. छाती वर आली. पुन्हा. मग छातीवर तळहात, दाब, दाब, दाब. पुन्हा श्वास. तिच्या तोंडाला पुरणाचा वास होता.

स्नेहल येऊन गुडघ्यांवर बसली. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त पीहूचा एक पाय धरून म्हणत राहिली, "हाँ बेटा. हाँ बेटा. हाँ बेटा." मोहन गाडी काढायला धावला होता. काकू व्हरांड्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्या खांबावर तुटलेल्या तोरणाचं अर्धं टोक तसंच लटकत होतं.

पीहू खोकली. मग उलटी झाली, पाणी आणि पुरणपोळी. मग ती रडली. मुलाच्या रडण्याचा इतका चांगला आवाज मी माझ्या मुलांच्या जन्मालाही ऐकला नसेल.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी गेलंय, लक्ष ठेवावं लागेल, पण मूल शुद्धीवर आहे, ही चांगली गोष्ट. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. माझे कपडे ओलेच होते.

स्नेहल बाहेर आली.

"काका, गेट खुला रह गया था क्या?"

"नाही. बंद होतं."

"तो?"

साहेब एकदम म्हणाले, "माह्यामुळे झालं, बेटा. तलावाचं, आंघोळीचं मीच सांगत बसलो..."

"आबा, रुकिए. काका, ती आत गेली कशी?"

"नंदीवरून."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा चेहरा पाहवेना.

"नंदी वहाँ किसने रखा?"

"अव, आम्ही दोघांनी..." साहेबांनी सुरुवात केली.

"जागा मी दाखवली," मी म्हणालो. "फोटो चांगला येईल म्हणालो."

तिने खूप शांतपणे विचारलं, "तुमची पट्टी होती ना तुमच्याजवळ?"

"होती. काखेत होती."

तिने मान हलवली आणि आत गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पीहू घरी आली. जिवावरचं टळलं. आईच्या कडेवरून तिने पहिली चौकशी लाल बैलाची केली. त्याच दिवशी स्नेहलने पूल रिकामा करून घेतला. मी आणि मोहन कुंपण तपासायला गेलो. मोहनने प्रत्येक सळी हलवून पाहिली, गेट वीस वेळा सोडून पाहिलं. दर वेळी ते खट्कन बंद झालं.

"भइया, बाड़ तो एकदम सही है," तो म्हणाला. कुंपण बरोबर आहे, हे माझं मन हलकं करायला म्हणाला असेल.

"हो. बाड़ सही है," मी म्हणालो.

हेच मला झोपू देईना. कुंपणात दोष सापडला असता तर तो वेल्डिंग करून काढला असता. दोष माझ्या पाहण्यात होता. जे तिथे रोज असतं तेवढंच मी मोजत होतो. कुंडी, एसी, फांदी. पण घर काही रोज सारखं नसतं. घरात सण येतो, पाहुणे येतात, मांडववाला खुर्च्यांची चळत लावून जातो, लग्नाचं रुखवत मांडलं जातं. हे सगळं कुंपणाच्या जवळच येऊन बसतं, कारण तिथेच जागा मोकळी असते. आणि ती जागा मोकळी का असते? माझ्यासारख्याने पट्टी फिरवून मोकळी केलेली असते म्हणून.

काकूंचे गुडघे मात्र थांबायला तयार नव्हते. थंडी सुरू व्हायच्या आधी स्नेहलने पुन्हा पाणी भरू दिलं, पण अटी घालून. काकू पाण्यात उतरतील तेव्हा दुसरं मोठं माणूस काठावर हवं. घरातून अंगणात उघडणाऱ्या दारालाही वर कडी हवी. ती मी बसवून दिली. आणि नंदी दिवाणखान्यातच राहील, तान्ह्या पोळ्यालाही. तोरण व्हरांड्यातल्या दोन खांबांना बांधायचं. तिसऱ्या अटीवर साहेब काही बोलतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बराबर हाय."

मला वाटलं होतं त्या घराशी माझा संबंध तिथेच संपला. दिवाळीच्या आधी स्नेहलचा फोन आला.

"काका, आबांनी आकाशकंदील लावायला स्टूल बाहेर काढलंय."

"कुठे ठेवलंय?"

"इसीलिए तो फोन किया. पट्टी घेऊन या."

मी गेलो. स्टूल कुंपणापासून चांगलं लांब होतं, नुसत्या नजरेने कळत होतं. तरी मी वाकून पट्टी लावली. साहेब कंदिलाची वायर हातात घेऊन कुंपणाला टेकून उभे होते. पीहू त्यांच्या पायाशी घोटाळत होती.

"आता काय माही पण मोजनी करतं का, धोटे?"

पट्टीचं टोक त्यांच्या चपलेला लागलं होतं. पीहू त्यांच्या मांडीवरून, कमरेवरून खांद्यावर कशी चढते, हे मी अनेकदा पाहिलं होतं.

"हो साहेब," मी म्हणालो. "सरका जरा."

ते सरकले.

आता माझ्या कामाचा एक भाग वाढलाय. ज्यांच्याकडे पूलचं कुंपण केलंय, त्यांच्याकडे मी सणावाराला पट्टी घेऊन जातो. काही जण हसतात, काही फराळ देतात, एकाने फाटकच उघडलं नाही. हँडओव्हरच्या दिवशी कुंपण नेहमीच बरोबर असतं. तपासायचं असतं ते सणाच्या दिवशी.